टॉवेल कटिंगच्या सर्वोला स्केलिंग किती टाकायचं?

लूमवाला: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कटिंग मशीनला सर्वो (मोजून फिरणारी मोटर) बसवलाय, एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) १००० लाइन, गिअरबॉक्स ५:१, रोलर १०० मिमी व्यासाचा, अंतराचा फॅक्टर (एका मिमीला किती काउंट, म्हणजे एन्कोडरचे पल्स) ६४ टाकलाय पण दीड मीटरचा टॉवेल ८ मिमी जास्त निघतोय, आणि स्पीड मीटर/मिनिटमधे कसा द्यायचा?

पॅनेलभाऊ: अहो १००० लाइन गुणिले ४ (एका लाइनला ४ काउंट) गुणिले गिअरचे ५, झाले रोलरच्या एका फेऱ्याला २०००० काउंट, घेर ३१४.१६ नी भागा, ६३.६६ येतं. राउंड केलंत तिथंच ८ मिमी वाढले की!

सर्वो_अण्णा: दशांश घेत नसेल तर अंश २००००००, छेद ३१४१६ टाका. कंट्रोलर काउंट/सेकंदवाला असेल तर स्पीडला दर १ मीटर/मिनिटमागे ६३.६६ गुणिले १००० भागिले ६०, म्हणजे १०६१. रोलरचं रबर झिजलेलं असतंय, घेर टेपनं मोजूनच घ्या.

लूमवाला: टेप लावतो आधी.