जुन्या इमारतीतील आगीच्या धोक्याची पाहणी कशी करावी?

प्रश्न (सोसायटीचे सचिव, मुंबई उपनगर)
आमची सात मजली इमारत पंचवीस वर्षांहून जुनी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आम्ही दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'नमुना ब' प्रमाणपत्र, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेतो. तरीही प्रत्यक्षात धोका किती आहे, हे त्या कागदावरून उमगत नाही. कमिटीने स्वतः पाहणी करायची झाल्यास सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (विद्युत ठेकेदार)
मीटर रूमपासून करावी, आणि तीही मे महिन्यात रात्री, घरोघरचे एसी चालू असताना. आपल्या इमारतीची मुख्य केबल पंखे, फ्रिज आणि टीव्ही एवढाच भार गृहीत धरून टाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. परवानाधारक वायरमन सोबत घ्या आणि कुठे करपल्याचा वास येतो का, जोडणीपाशी वायरचे आवरण तपकिरी पडले आहे का, हे त्याच्याकडून पाहून घ्या. त्यानंतर घराघरांतील एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडून वीज तोडणारे स्विच, तपासा. १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याच जुन्या वायरवर ३२ अँपिअरचा बसवलेला असेल, तर वायर तापली तरी तो पडणार नाही. माझ्या मते सर्वांत घातक 'दुरुस्ती' हीच. ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) बसवली की काळजी मिटली, असेही समजू नये, कारण ती विजेची गळती पकडते, जादा भार नव्हे.

उत्तर २ (निवृत्त अग्निशमन कर्मचारी)
वरील मुद्दे योग्यच आहेत. परंतु आग लागण्याची शक्यता आणि आग लागल्यावर माणसे अडकण्याची शक्यता या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे खाली साठवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी आणि पार्किंगमधील वाहनांनी पेट घेतला, तेव्हा वरच्या मजल्यांवरील रहिवाशांचा जिना धुराने भरून गेला होता. त्यामुळे धूर वर चढू नये म्हणून वायरींची डक्ट (वायरी वर नेणारी उभी पोकळी) प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद केलेली आहे का, हे उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी तिथे झाडू, रंगाचे डबे आणि जुनी रद्दी सापडते. गच्चीच्या कुलपाची किल्ली रात्री कोणाकडे असते आणि खिडक्यांच्या बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी झडप आहे का, याचीही नोंद घ्यावी.

सचिव
आभारी आहे. जिन्यातील चपलांचे रॅक हलवायला मात्र सभासद तयार होत नाहीत.

उत्तर २
सर्वसाधारण सभेत ठराव करून मुदतीची लेखी नोटीस द्यावी. जिन्याखाली ई-स्कूटर चार्ज होत असतील, तर त्यांची जागा आधी बदला. रॅकचा वाद त्यानंतर घेतला तरी चालेल.