लिनक्सवर गेम आणायला नेमकं अडतं कुठे?

सिन्नरकर:
दादाचा २०१४ चा लॅपटॉप आता माझ्याकडे आलाय. विंडोज त्यावर रांगत होतं, म्हणून लिनक्स मिंट टाकलं आणि मशीन पळायला लागलं. पण मी खेळतो तो गेम फक्त विंडोजसाठी आहे. तो युनिटी या गेम बनवायच्या इंजिनवर बनलाय आणि युनिटीत लिनक्स बिल्डचा, म्हणजे लिनक्सवर चालणारी आवृत्ती काढायचा, पर्याय असतो म्हणे. मग कंपन्या तेवढं करून का देत नाहीत? हे काम प्रत्यक्ष केलेलं कुणी आहे का इथे?

मेधा:
मी केलंय. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही तिघं एका परदेशी कंपनीचा गेम लिनक्सवर आणत होतो. इंजिन त्यांचं स्वतःचं, सी प्लस प्लसमधलं. तिसऱ्या दिवशी कोड कंपाइल झाला. लोकांच्या हातात देण्याजोगा गेम व्हायला मात्र सात महिने लागले.

पहिल्यांदा चालवला तेव्हा निम्मे डोंगर गुलाबी! टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, सापडत नव्हतं. कोडमध्ये फाइलचं नाव सगळं लहान अक्षरांत, डिस्कवर पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोजला दोन्ही एकच. लिनक्स ती दोन वेगळी नावं धरतं. आम्ही सगळी नावं बदलली, पण मूळ टीम रोज नव्या फाइली टाकतच होती. शेवटी फाइल शोधणारा भागच नव्याने लिहिला.

मग जर्मनीतल्या टेस्टरचा निरोप आला: नायक जागचा हलत नाही. आमच्याकडे तर तो छान धावत होता. दोन आठवडे गेले त्यात. जर्मन सेटिंगमध्ये दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. एका लायब्ररीने (बाहेरून घेतलेल्या तयार कोडने) ते सेटिंग अख्ख्या गेमला लावलं होतं, त्यामुळे फाइलमधला ०.५ वाचताना वाचणं टिंबापाशीच थांबायचं आणि वेग शून्य व्हायचा. कारण सापडलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आम्ही तिघं उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

कटसीन (गेममधले गोष्ट सांगणारे व्हिडिओ) दाखवणारी लायब्ररी विकतची होती, लिनक्ससाठी तिचं लायसन्स वेगळं घ्यावं लागलं. तेव्हा युनिटीत बिल्ड निघते हे खरं, पण गेमला जोडलेले बाहेरचे प्लगइन (जोड-प्रोग्राम) लिनक्ससाठी असतीलच असं नाही.

आणि गेम बाहेर पडल्यावर प्रत्येक अपडेट पुन्हा तपासायचं, तेही थोड्या खेळाडूंसाठी. दोन वर्षांनी कंपनीने लिनक्सचे अपडेट थांबवले. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

डेकवाला:
मेधाताई, २०१८ मध्ये प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय, आल्यावर वेगळ्या पोर्टची (लिनक्ससाठी मुद्दाम केलेल्या आवृत्तीची) गरज उरलीय का? माझा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर लिनक्सवर आहे, तरी त्यावर विंडोजचेच गेम चालतात. आडवं येतं ते अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या ईझी अँटी-चीटला प्रोटॉनची सोय २०२१ मध्ये झाली, पण ती सुरू करायची की नाही हे गेमवाल्यांच्या हातात. एपेक्स लेजंड्स हा ऑनलाइन गेम तर लिनक्सवर चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केला. लिनक्सच्या वाटेने चीट करणारे येतात, हे त्यांचं कारण.

सिन्नरकर:
माझा गेम एकट्याने खेळायचा आहे, अँटी-चीट नाही. पण प्रोटॉनमधून सुरू केला की काळा स्क्रीन येतो आणि बंद पडतो.

मेधा:
डेकवाला, गरज उरली नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोकी नावाच्या कंपनीने १९९८ पासून फक्त गेम लिनक्सवर आणायचंच काम केलं आणि जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. पण तिथल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी आजही असंख्य गेममध्ये विंडो, कीबोर्ड, कंट्रोलर सांभाळते. पोर्ट करणाऱ्यांनी हे मागे ठेवलंय. तरी छोट्या कंपनीने पोर्ट काढून मध्येच सोडण्यापेक्षा विंडोजचीच बिल्ड प्रोटॉनवर नीट तपासून द्यावी, असं माझं आता ठाम मत आहे.

सिन्नरकर, तुझं दुखणं बहुतेक ग्राफिक्सचं आहे. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सचं (विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीचं) काम व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स पद्धतीवर नेतो, आणि २०२२ च्या २.० आवृत्तीपासून त्याला व्हल्कन १.३ लागतं. २०१४ च्या लॅपटॉपमधलं इंटेलचं ग्राफिक्स तिथवर पोचत नाही. स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शन्समधून डीएक्सव्हीकेऐवजी वाइनडीथ्रीडी सुरू कर, म्हणजे व्हल्कनच्या जागी ओपनजीएल ही जुनी ग्राफिक्स पद्धत वापरली जाईल. वेग कमी मिळेल, पण गेम उघडायला हवा. नाहीच उघडला तर गेमचं नाव आणि ग्राफिक्स चिप इथे लिही, रविवारी बसून बघते.