खोगिरांना बुरशी: सामानाची खोली कशी लावू?

मखमलाबादला मळ्यात दोन घोड्या आहेत. पागेशेजारची आठ बाय दहाची खोली सामानाला काढलीय. मागच्या श्रावणात खोगिरावर हिरवी बुरशी चढली, आणि लगाम खिळ्याला टांगून टांगून वरच्या पट्ट्याला घडी पडून तडा गेला. आता नीट लावायचंय. खर्च बेताचाच हं, द्राक्षांनी यंदा हात दिला नाही.

उत्तर १: खिळे आधी उपटा. रंगाचे रिकामे डबे भिंतीला आडवे ठोका, लगाम त्यावर गोल बसतो. खोगिराला सहा इंची पीव्हीसी पाइप, भिंतीपासून वीतभर पुढे. पश्चिमेची भिंत मोकळी सोडा. पावसाचा मार तिकडूनच, ओल तिथेच धरते.

उत्तर २: खोगीर प्लास्टिकमध्ये गुंडाळत असाल तर तेच कारण. त्याऐवजी वरून जुनं सुती धोतर पांघरा. घाम पुसून, ग्लिसरीन साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं, मग हलकं तेल. नमदा (खोगिराखालची जाड लोकरी घडी) ओला असेल तर खोगिराखाली ठेवू नका. दाणा त्या खोलीत अजिबात नको, उंदीर येतात आणि घामाचं खारट चामडंही कुरतडतात.

मूळ प्रश्नकर्ता: प्लास्टिकच होतं, तेही द्राक्षबागेतलं! दाण्याचं पोतंही तिथेच. खरारे, ब्रश द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवतोय, हवा खेळते. रविवारी डबे ठोकतो. पश्चिमेला मात्र दारच आहे, त्याचं काय करू?

उत्तर १: वर पत्र्याची पडवी काढा.