युरोपातले मध्ययुगीन किल्ले: पडके बघावेत की डागडुजी केलेले?

रानवाटा
माझं मत सरळ आहे: बघायचा तर पडका किल्ला बघावा. इंग्लंडमधला कॉर्फ घ्या. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात 1646 मध्ये तो पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती पडला आणि राजाच्या माणसांना पुन्हा वापरता येऊ नये म्हणून सुरुंगाच्या दारूने मुद्दाम उडवला. भिंती आजही कललेल्या, फाटलेल्या. किल्ल्यांचं युग कसं संपलं ते तिथे उभ्या उभ्या कळतं. उलट बव्हेरियातलं नॉयश्वानस्टाइन बघा. लोक मध्ययुगीन समजून रांगा लावतात, आणि पाया घातलाय 1869 मध्ये! राजा दुसरा लुडविग याची हौस, दुसरं काही नाही. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या शहराच्या बुरुजांवर 19व्या शतकातल्या व्हिओले-ल-द्यूक या वास्तुरचनाकाराने स्लेटची टोकदार छपरं चढवली. ती उत्तर फ्रान्समध्ये शोभली असती, दक्षिणेत नाही.

तटबंदी
असहमत. 1850 च्या सुमारास कार्कासोनचा तट सरकार पाडायलाच निघालं होतं. लोकांनी ओरड केली म्हणून वाचला. मग ल-द्यूक आला. तो आला नसता तर छपरांवर वाद घालायला तट किती उरला असता?

आणि पडका म्हणजे अस्सल, हे कुणी ठरवलं? इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने 1240 मध्ये लंडनच्या किल्ल्यातल्या व्हाइट टॉवर या बुरुजाला बाहेरून चुना मारून घेतला होता. किल्ले नांदते होते तेव्हा आत शेकोट्या, धूर, भिंतींवर रंग, माणसांची वर्दळ. शेवाळलेला दगड आणि घोंघावणारा वारा ही नंतरच्या कवी-चित्रकारांची आवड. तुम्हीही 19वं शतकच बघताय, फक्त तिकीट वेगळं.

रानवाटा
चुन्याचं मान्य. पण पडझडीत कुणाचा अंदाज नसतो. डागडुजी करणारा अंदाज बांधतो आणि तो दगडात कायमचा बसतो. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा. स्कॉटलंडचा आयलीन डोनन 1719 मध्ये उडवला गेला, सुमारे दोनशे वर्षं ओसाड पडला. आज फोटोत दिसतो तो 1911 ते 1932 मध्ये उभारलेला.

चुनखडी
मालबोर्कचं काय मग? दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्या विटांच्या किल्ल्याची दैना झाली होती. पोलंडने तो पुन्हा उभा केला. आधीच्या जीर्णोद्धाराच्या तपशीलवार नोंदी होत्या, म्हणजे तुमचा 'अंदाज' तिथे लागू नाही. 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला.

(अवांतर: पडक्या किल्ल्यातही गाइड थापा मारतोच. गोल जिना घड्याळाच्या दिशेने वर चढतो तो उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या रक्षकासाठी, हे ऐकलं असेलच. उलट वळणारे जिनेही भरपूर आहेत, राव.)

बर्गंडीत 1997 पासून गेदलों नावाचा किल्ला 13व्या शतकाच्या पद्धतीने नव्याने बांधतायत. दगड तिथल्याच खाणीतला, ओझं उचलायला माणसाने आत चालून फिरवायचं लाकडी चाक. तिथे काम केलेले सुतार पुढे पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या जळालेल्या छपरासाठी कामी आले. ओसाड भिंतीकडे बघून हे कसब शिकता येत नाही.

रानवाटा
गेदलों चांगलाच, पण तो प्रयोग झाला. त्याला कधी वेढा पडला नाही, तिथे कुणी कैदेत सडलं नाही. मला ते बघायचंय.

तटबंदी
सडणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर होतं हो.