पदवीबरोबर ग्रीन कार्डही द्यावं का?

मृण्मयी: जून २०२४ मध्ये, प्रचाराच्या काळात, ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले होते की अमेरिकेत पदवी घेणाऱ्याला ग्रीन कार्ड आपोआप मिळावं, अगदी ज्युनिअर कॉलेजवाल्यालाही. नंतर त्यांच्या प्रचार पथकाने 'कसून छाननी करून, फक्त सर्वांत कुशल पदवीधरांना' अशी पुस्ती जोडली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (परदेशी कुशल कामगारांचा व्हिसा) अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं, म्हणजे गाडी उलट्याच दिशेला. मला मात्र मूळ कल्पना पटते. पदवीनंतर काम करायची मुभा म्हणजे ओपीटी, तिचे १२ महिने, विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी २४. तोवर एच-१बीच्या सोडतीत नंबर लागला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा. ज्यांना स्वतःच शिकवून तयार केलं, त्यांना असं घालवण्यात देशाचं काय भलं आहे?

श्रीरंग: माझा ठाम विरोध. ऑस्ट्रेलियाने हे करून पाहिलंय. २००१ पासून तिथे शिकलेल्यांना देश न सोडता पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज करता येऊ लागला. मागणी असलेल्या कामांच्या यादीत कूक आणि हेअरड्रेसर होते. झालं, तेच कोर्स विकणारी खाजगी कॉलेजं फोफावली. २०१० मध्ये सरकारने यादी बदलली आणि लाखो रुपये भरून बसलेली मुलं अधांतरी राहिली. अमेरिकेतही २०११ चं ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी प्रकरण आठवा. नावापुरते वर्ग, बहुतेक विद्यार्थी भारतीय, आणि धाड पडल्यावर त्यातल्या काहींच्या पायात ट्रॅकर अडकवले गेले! पदवीला ग्रीन कार्ड जोडलंत तर असल्या दुकानांचं फावेल.

केतकी: ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांचं कोणी बोलतच नाहीये. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात जोडीदार आणि मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. आमचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, कधीच मंजूर झालाय. दर महिन्याला रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन उघडायचं, तारीख कधी पुढे सरकते, कधी चक्क मागे जाते. नोकरी गेली तर हातात ६० दिवस. मुलगी २१ ची झाली की आमच्या अर्जातून बाहेर पडण्याची भीती. आकडा न वाढवता नव्या पदवीधरांना आत घेतलं तर आम्ही आणखी मागे ढकलले जाऊ.

मृण्मयी: केतकीताई, म्हणूनच नव्या पदवीधरांना कोट्याबाहेर ठेवायचं. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात पीएचडीवाले आणि नोकरीची ऑफर असलेले स्टेम मास्टर्सवाले मर्यादेतून वगळले होते. संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, हाऊसने, ते मतालाच टाकलं नाही. श्रीरंग, यात दुकानांना कुठे वाव आहे?

श्रीरंग: एवढं गाळल्यावर ते आपोआप राहिलंच कुठे? पण ऑफरची अट मलाही खटकते, त्याने मुलं पुन्हा कंपनीच्या मुठीत जातात. कॅनडात पदवीनंतर वर्षभर कुशल काम केलं की पीआरसाठी स्वतःच्या नावाने गुणांच्या स्पर्धेत उतरता येतं, मालकाची सही लागत नाही. तसं काही आणलं, तर माझा विरोध नाही.