मदत हवी आहे: पुढच्या 3 ते 5 वर्षांची आर्थिक उद्दिष्टं कशी ठरवता?

मंडळी, नोकरी स्थिरावली आहे, सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळीही बाजूला आहे. आता शैक्षणिक कर्ज लवकर फेडणं, पुढचं शिक्षण आणि घराचं डाउन पेमेंट, तिन्ही एकदम हवंय (हाव म्हणा हवं तर!). पण तिन्हींसाठी दरमहा लागणारी रक्कम मांडली की निम्मा पगार संपतो. हे टिकणार नाही.

कर्जाचं व्याज मुदत ठेवीपेक्षा जास्त आहे, म्हणून आधी तेच उरकावं असं वाटतं. मग बाकीच्यांची मुदत लांबवू की रक्कम कमी करू? 6 टक्के महागाई धरली तर आजचा 100 रुपयांचा खर्च पाच वर्षांनी साधारण 134 रुपये होतो, त्यामुळे लांबवायचीही भीती वाटते. इतक्या कमी मुदतीसाठी इक्विटी फंडात (शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) कुणी पैसे ठेवलेत का?