लेमीवर एकाच नावाचे तीन समुदाय: सदस्यत्व कोठे घ्यावे?

प्रश्न: लेमीवर (एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या चर्चामंचावर) 'टेक्नॉलॉजी' असे शोधले असता लेमी.वर्ल्ड, लेमी.एमएल आणि बीहॉ या तीन सर्व्हरांवरचे समुदाय समोर आले. यांपैकी मूळ कोणता, आणि एकीकडे लिहिलेले दुसरीकडे आपोआप पोहोचते का?

उत्तर १: मूळ असा कोणताच नाही. नाव त्या-त्या सर्व्हरपुरतेच एकमेव असते. पूर्ण पत्त्यात '@' या चिन्हापुढे सर्व्हरचे नाव येते, त्यामुळे २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस केलेल्या ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलच्या (सर्व्हरांमधील देवाणघेवाणीच्या नियमांच्या) दृष्टीने हे तिन्ही पत्ते सर्वस्वी भिन्न ठरतात. लेखन आपोआप पोहोचत नाही; क्रॉसपोस्ट केले (तेच लेखन दुसऱ्या समुदायातही टाकले) तरी प्रत्येक ठिकाणच्या प्रतिक्रिया स्वतंत्रच राहतात.

उत्तर २: सदस्यसंख्येपेक्षा नियम आणि नियंत्रक पाहावेत, असे माझे मत आहे. जून २०२३ मध्ये बीहॉने लेमी.वर्ल्डशी संबंध तोडला (त्या सर्व्हरशी देवाणघेवाण बंद केली), तेव्हा लेमी.वर्ल्डच्या सदस्यांना बीहॉच्या समुदायांची जुनी प्रत दिसत राहिली आणि तिच्यावर प्रतिक्रियाही देता येत होत्या, परंतु त्या बीहॉपर्यंत पोहोचतच नव्हत्या. म्हणजे समोर कोणी नसलेल्या खोलीत बोलत राहावे, तशी अवस्था. सगळे एकाच समुदायात विलीन करा, ही मागणी वारंवार होते खरी, पण त्या समुदायाचा सर्व्हर बंद पडला तर काय, याचे उत्तर सहसा मिळत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तूर्त तिन्हींचे सदस्यत्व घेतो. लिहीन मात्र एकाच ठिकाणी.

उत्तर ३: पाइफेड या लेमीसारख्याच मंचावर असे समुदाय एका फीडमध्ये एकत्र वाचता येतात, तेही पाहावे.